ओल्या ताटल्यांची जागा

ब्राइला,
रोमानिया, २ फेब्रुवारी २००९

प्रिय ओक्ताव,

तू बरा असशील असं धरून लिहायला बसले आहे. इथे आम्ही होतो तसेच आहोत. बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही, पण परवा त्यांनी डाव्या हातात चमचा धरला आणि निम्मं सूप तोंडात गेलं. त्यांचे शब्द अर्धेच बाहेर येतात, उरलेले आपण ओळखायचे. पक्षाघाताचा दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. येणारही नाही, असंही म्हणतात. त्यावर आपण काय करायचं ते सांगत नाहीत.

ई-मेलला तू दोन ओळींत उत्तर देतोस आणि फोन बाबांच्या उशाशी आहे. कागदावर मात्र तू लहानपणापासून पानभर लिहितोस, म्हणून हे पत्र.

झेनोविया आत्या ख्रिसमसला आली हे तुला माहीत आहेच. आपण तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी अकरा. अमेरिकेला जाणारी घरातली पहिली म्हणून तिला निरोप द्यायला आपल्या जिन्यावरचे सगळे शेजारी खाली उतरले होते. आता ती दोन बॅगा घेऊन परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांचं सगळं तिने हातात घेतलं. मला म्हणते, तू क्लुजला जा, नोकरी सांभाळ, माझ्या भावाला मी बघते. माझी बिनपगारी रजा ईस्टरपर्यंत आहे. तोवर मला ठरवायचं आहे, बाबांना तिच्या हाती सोपवून जायचं की गलात्सच्या शुश्रूषागृहात ठेवायचं. शुश्रूषागृहाचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करतात. तेव्हा प्रश्न एवढाच आहे, की या बाईवर भरवसा ठेवता येईल का.

वरच्या मजल्यावरच्या ग्राझिएलाबाईंचं मत विचारशील तर नाही. त्या रोज अकराला कॉफीला येतात, आत्याकडून अमेरिका ऐकतात आणि जाताना जिन्यात मला बाजूला घेऊन सांगतात, की तिथून उगाच कोणी परत येत नाही, फ्लॅटवर डोळा असेल. पण ऐकायला येतात मात्र नेमाने. काल विषय बर्फाचा होता. एवढं बर्फाचं पाणी पिऊन त्या लोकांचे घसे टिकतात कसे, असं बाईंनी विचारलं. आत्या म्हणाली, "घसे टिकतात, दात पडतात. म्हणून तर मला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली." ती शिकागोत पंधरा वर्षं दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लिहून घ्यायचं काम करत होती, असं तिचं म्हणणं आहे.

मला स्वतःला बर्फाचं कौतुक कधी कळलं नाही. अर्धा ग्लास बर्फ म्हणजे अर्धा ग्लास पेय कमी. कपडे वाळवायच्या यंत्राचंही तसंच. बाहेर ऊन असताना एका सदऱ्यासाठी एवढी वीज जाळणं मला उधळपट्टी वाटते. खिडकीला जाळ्या लावतात ते मात्र त्यांचं शहाणपण. डॅन्यूबच्या काठावर राहून आपण अजून जूनमध्ये टॉवेल फिरवत डास मारतो. आणि दार-खिडकी एकदम उघडी राहिली तर मान धरते, कान धरतो, मूत्रपिंडं जातात, हे आपल्याकडे डॉक्टरसुद्धा मानतात, तर तिकडे म्हणे छतातून गार वारा सोडून त्याखाली माणसं झोपतात आणि सकाळी उठतातही. खरं आहे का?

आत्या वाऱ्याला भिते. मी खिडकी उघडली की ती दार लावून घेते. याचा मी काही अर्थ काढत नाही. पस्तीस वर्षं इथे काढलेल्या बाईची ती भीती समुद्र ओलांडूनही जायची नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. जेवणानंतर आत्या ताटल्या विसळते आणि ओली ताटली हातात घेऊन बेसिनच्या वरचं कपाट उघडते. तिथे आपले कप आणि साखरेचा डबा आहे, तुला आठवत असेल. ती क्षणभर थबकते, कपाट लावते आणि ताटली ओट्यावरच्या जाळीत ठेवते. एकदा झालं तर चूक म्हणता येईल. हे रोज होतं.

तुमच्याकडे अमेरिकेत ओल्या ताटल्या कुठे ठेवतात? कपडे धुवायला यंत्राला किती वेळ लागतो? आणि ते चालू असताना तू इस्त्री किंवा ओव्हन लावतोस का? सवडीने, पण नीट लिही. सहज विचारते आहे.

बाबांनी तुला सांगायला सांगितलंय ते एवढंच ऐकू आलं: "गरम घाल." टोपीबद्दल असावं.

तुझी
स्मारांदा


ब्राइला,
१ मार्च २००९

प्रिय ओक्ताव,

तुझं पत्र मिळालं. वसंताचा लाल-पांढरा दोरा सोबत ठेवला आहे. मनगटाला बांध किंवा नको बांधूस, पण पाठवला नाही असं नको व्हायला. बाबांच्या सदऱ्याला आत्याने सकाळीच लावला. पुरुषांना कशाला, असं ग्राझिएलाबाई म्हणाल्या. आत्या म्हणाली, "पुरुषांना वसंत येत नाही होय? तुमच्या नवऱ्याला आला नसेल." बाबा हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण आवाज करून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

तू बरीच माहिती लिहिलीस. तू कागदी ताटल्या वापरतोस, म्हणून ओल्या ताटल्यांचा प्रश्नच येत नाही. कपडे तळमजल्यावरच्या यंत्रात नाणी टाकून अर्ध्या तासात होतात. जिन्याजवळच्या यंत्रातून बर्फ बादलीत भरून आणतोस, आणि ओव्हनचं म्हणशील तर जे काही खायचं ते मायक्रोवेव्हमध्ये तापवतोस. ही उत्तरं मी दोनदा वाचली. त्यातलं काही मला जुळवता आलं नाही, पण आत्ता विषय आत्याचा आहे.

तिच्या बाबतीत हिशेब आणखी बिघडत चालला आहे. तुझ्याकडे धुणं अर्ध्या तासाचं. आत्याला मी सहज विचारलं, शिकागोत किती वेळ लागायचा? "दोन तास, कधी जास्तच," ती म्हणाली आणि लगेच म्हणाली, "जुनं मशीन होतं गं." दोन तास लागतात ते आपल्याकडच्या यंत्रांना, पाणी आतच तापवणाऱ्या. तिकडे गरम पाणी नळातून यंत्रात येतं, तेव्हा जुनं असो की नवं, दोन तास लागायचं कारण नाही.

दुसरं. तुला माहीत आहे, इथे धुणं, ओव्हन आणि इस्त्री ही तिन्ही एकदम चालतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आत्या धुणं चालू असेल तर इस्त्री लावत नाही. लावायचीच झाली तर आधी धुणं थांबवते. आणि परवा मी केस वाळवायला गेले, तर तिने बाहेरून दारावर टकटक करून विचारलं, "ओव्हन बंद करू का आधी?" मी का म्हणून विचारलं. "काही नाही, सवय," म्हणाली.

ही सवय अमेरिकेत लागत नाही, ओक्ताव. तिकडे घराघरात एवढा वीजभार देतात, की वाळवणयंत्र, ओव्हन आणि ते छतातून येणारं वारं सगळं एकदम चालवूनही दिवा मिणमिणत नाही. ही सवय लागते ती जिथे घराचा मंजूर भार तीन किलोवॅट असतो आणि वर गेलं की मीटर स्वतःच पुरवठा तोडतो तिथे. मग अंधारात जिने उतरून खाली मीटरपाशी जायचं आणि खटका वर करायचा. गेल्या वर्षी आमच्या कंपनीने असले मीटर बाहेरून मागवले तेव्हा त्यांची चाचणी माझ्या टेबलावर झाली होती. ते कुठून आले होते ते आत्ता लिहीत नाही. मला आधी खात्री करायची आहे.

तुला वाटेल, मी राईचा पर्वत करते आहे. लहानपणी तू माझं नाव 'ठाणेदार' ठेवलं होतंस. पण मी बाबांना कोणाच्या हाती देते आहे ते मला कळायला नको? पंधरा वर्षं कुठे होती याबद्दल जी खोटं बोलते, ती गोळ्या दिल्या की नाही याबद्दल खरं बोलेल हे कशावरून? ग्राझिएलाबाई तर आता तुरुंगापर्यंत पोचल्या आहेत. त्या म्हणतात, अमेरिकेत पकडून हाकलून दिलं असेल. तुझ्या घराचा तो फोटो, बाबांनी टीव्हीवर उभा करून ठेवलेला, तो दाखवून त्या आत्याला विचारतात, तुझंही स्वयंपाकघर असंच होतं का गं? आत्या म्हणते, याहून लहान होतं. आणि विषय बदलते.

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जे दिसतं ते आणखी अवघड आहे. बाबांचं वजन तुला माहीत आहे. आत्या माझ्या खांद्याला लागते. ती त्यांचा गुडघा दुमडते, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालते, कानात काहीतरी बोलते आणि बाबा कुशीवर. जोर लावल्यासारखं वाटतही नाही. ते अंथरुणात असतानाच खालची चादर अर्धी गुंडाळून दुसरी पसरते. पाणी नुसतं दिलं की त्यांना ठसका लागतो म्हणून त्यात कसलीतरी पूड घालून दाटसर करते. रुग्णालयातल्या नर्सने मला हे तीनदा दाखवलं होतं तरी मला जमलं नव्हतं. आत्याला कोणी दाखवलं? दातांच्या दवाखान्यात वेळा लिहून घेताना माणसाला कूस पालटवायला शिकवतात का?

बाबांच्या पाठीवर पडून राहिल्याचा एक डाग नाही. ती आली तेव्हा होता.

थंडी कमी झाली आहे. तुझ्या घराच्या छताचं काम कधी संपणार? त्यामुळे ईस्टरला यायचं जमणार नाही असं लिहिलंस, ते बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

स्मारांदा


ब्राइला,
२९ मार्च २००९

प्रिय ओक्ताव,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

काल सकाळी आत्याने धुणं लावलं आणि ती न्हाणीघरात बाबांचे रुमाल पिळत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओव्हन लावला. मोठ्या आचेवर, रिकामाच. मग बटाट्यांची पिशवी उघडून बसले. ती ओल्या हातांनी धावत आली आणि भिंतीला हात टेकून आधी ओव्हन बंद केला, मग माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "इटलीत किती वर्षं होतीस?"

ती बराच वेळ हात पुसत राहिली. एप्रनला, मग टॉवेलला, मग परत एप्रनला.

"कोणी सांगितलं तुला?"

"वॉशिंग मशीनने."

मला वाटलं होतं ती चिडेल, नाही तर रडेल. ती समोर बसली आणि पिशवीतला एक बटाटा घेऊन सोलायला लागली. म्हणाली, "मला वाटलं ग्राझिएला पकडेल. ती नुसती बडबडते. तू गप्प बसून बघतेस. तुझी आजी अशी बघायची."

तिने जे सांगितलं ते थोडक्यात लिहिते. तिला आणि आणखी सहा बायकांना एका एजंटाने अमेरिकेला नेतो म्हणून गाडीत घातलं. इटलीतून विमान आहे म्हणाला. पादोवाजवळ पेट्रोल पंपावर सगळ्या पाय मोकळे करायला उतरल्या आणि गाडी निघून गेली. मठातल्या नन्सनी त्यांना ठेवून घेतलं. आठवड्याने तिला एका म्हाताऱ्या बाईच्या घरी काम मिळालं, चोवीस तास तिथेच राहायचं. तिथून तिने पहिला फोन केला.

"आईने विचारलं, पोचलीस? मी म्हटलं, पोचले. मला म्हणायचं होतं, पोचले कुठेतरी, जिवंत आहे. पण आई रडायला लागली, आणि मागे तुझा बाप ओरडून सगळ्यांना सांगायला लागला, झेनोविया अमेरिकेत पोचली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आता ते परत कसं घ्यायचं, तूच सांग."

मी विचारलं, पुढच्या फोनवर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पुढच्या फोनपर्यंत सगळ्या ब्राइलाला कळलं होतं. मग तिने पत्र लिहिणंच सोडलं, कारण पाकिटावर तिकीट इटलीचं असतं. पार्सलं मिनीबसवाल्याच्या हाती पाठवायची आणि अमेरिकेचं टपाल चोरीला जातं म्हणून मैत्रिणीमार्फत पाठवते, असं सांगायची. आपण ते मानलं. जीन्स आल्या की आपण त्यापुढे विचारच करायचो नाही, तूही आणि मीही.

मग मी जे विचारलं ते मी शांतपणे विचारलं, असं मला वाटत होतं. आत्या म्हणते, मी ओरडले. आजी गेली तेव्हा तू कुठे होतीस?

तुला ते आठवतं. फेब्रुवारी. आजी चार दिवस दाराकडे बघत होती. शेवटच्या घटकेला बाबांनी तिच्या हातात मेणबत्ती धरली तेव्हा तिने त्यांना झेनोविया अशी हाक मारली. आणि आत्याचा फोन आला, की शिकागोत बर्फ पडलंय, विमानं बंद आहेत, तिचे कागदही अजून झालेले नाहीत.

"पादोवात होते," ती म्हणाली. "दर शनिवारी तिथून बुखारेस्टची बस सुटते. दोन शनिवार बॅग घेऊन स्टँडवर गेले. दुसऱ्या वेळी तर आत बसले होते. खिडकीजवळची जागा. मग उतरले."

"का?"

"अमेरिकेहून बसने कोण येतं गं?"

यंत्र थांबलं होतं. आमच्यापैकी कोणी उठून धुणं बाहेर काढलं नाही.

ती सांगत होती, की त्या घरात स्वयंपाकघरात बेसिनच्या वरच्या कपाटाला तळ नसतो, आत जाळी असते, ताटल्या ओल्याच ठेवून दार लावायचं की पाणी खाली ठिबकतं, सुरेख सोय. हे ती अशा आवाजात सांगत होती, की मला आधी वाटलं विषय बदलते आहे. मग म्हणाली, "सहा म्हाताऱ्यांची घरं केली मी. सहाही ठिकाणी तसंच कपाट. सहा जणींचे डोळे मी मिटले, स्मारांदा. माझ्या आईचे तुझ्या बापाने."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटच्या म्हातारीच्या मुलाचा नंबर मी तिच्याकडून मागून घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. तो माणूस शाळेत शिकवतो, तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो. झेनोविया हे नाव ऐकल्यावर त्याने आधी ती आजारी आहे का विचारलं. मग म्हणाला, त्याची आई शेवटची दोन वर्षं त्याला ओळखत नव्हती, पण हिला ओळखायची. ती परत येणार असेल तर तिची खोली तशीच ठेवली आहे.

बाबांना सांगायचं नाही, एवढंच आत्याने माझ्याकडून वदवून घेतलं. त्यांनी पंधरा वर्षं जिन्यात, बाजारात, चर्चच्या आवारात बहीण अमेरिकेत आहे म्हणून सांगितलं आहे, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस, म्हणाली. मी कबूल केलं. खरं तर मला वाटतं, बाबांना माहीत आहे. संध्याकाळी त्यांची खुर्ची आम्ही स्वयंपाकघरात आणतो. आत्या ओली ताटली घेऊन ते कपाट उघडते तेव्हा ते खिडकीबाहेर बघतात, ती जाळीकडे वळली की परत इकडे.

गलात्सला मी आजच कळवलं, की जागा नको.

तुला आणखी लिहायचं आहे, पण ते या पत्रात नको. हे पत्र आत्याचं आहे.

स्मारांदा


ब्राइला,
१२ एप्रिल २००९

ओक्ताव,

आज ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. आत्या चर्चमधून विलोच्या फांद्या घेऊन आली आणि त्यातली एक बाबांच्या पलंगाला बांधली. ग्राझिएलाबाईंनी विचारलं, अमेरिकेत या दिवशी काय करतात? आत्या क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाली, "झोपतात. दुकानात जातात. मला कुठे वेळ होता बघायला." हे तिचं पंधरा वर्षांतलं अमेरिकेबद्दलचं पहिलं खरं वाक्य असावं.

तुझं पत्र परवा आलं. छताचं काम लांबलं आहे, कारागीर पळाला, कचेरीतही माणसं कमी आहेत, म्हणून ईस्टरला येत नाहीस, मे महिन्यात बघू. वाचून दाखवलं. मे महिना ऐकू आला तेव्हा बाबांनी डोळे मिटले. मग डाव्या हाताने मला खूण केली, की पुढचं वाच.

पुढचं नव्हतं.

आता मी तुला जे लिहिणार आहे ते मी आत्याला सांगितलेलं नाही, बाबांना नाही, कोणालाच नाही. तू कबूल कर किंवा करू नकोस, पण एकदा वाच.

टीव्हीवरच्या फोटोत तुझ्या स्वयंपाकघरात दोन दारांचा फ्रिज आहे. त्याच्या दारातूनच बर्फ पडतो, तू फोटोमागे कौतुकाने लिहिलं आहेस. मग तू जिन्याजवळून बादलीत बर्फ का आणतोस? त्याच फोटोत ओव्हन आहे, भिंतीतला, दोन मजली. मग सगळं मायक्रोवेव्हमध्ये का तापवतोस? स्वतःच्या घरात कोणी धुण्याच्या यंत्रात नाणी टाकत नाही. स्वतःच्या घरात कागदी ताटलीत रोज कोणी जेवत नाही. तुझ्या पत्रात असंही होतं, की गारवा खिडकीखालच्या पेटीतून येतो आणि तिची गुणगुण रात्रभर ऐकू येते, आणि पलीकडच्या खोलीतले लोक सारखे बदलतात. मी तुला आत्याबद्दल विचारत होते. तू इतकी नीट उत्तरं देत होतास, की तुझ्या लक्षातच आलं नाही.

असं सगळं कुठे असतं हे शोधायला मला वेळ लागला नाही. रस्त्याकडेच्या लॉजमध्ये. आठवड्याच्या भाड्याने लोक तिथे वर्षानुवर्षं राहतात म्हणे. तू तिथे किती दिवस आहेस मला माहीत नाही. फोटोतलं घर कोणाचं तेही माहीत नाही, आणि मी विचारत नाही. नोकरी गेली असेल. गेल्या वर्षभरात तिकडे अनेकांच्या गेल्या. कागदपत्रांची मुदत संपली असेल तर एकदा बाहेर पडल्यावर तुला परत जाता येणार नाही, हेही मी धरलं आहे. तेव्हा ये म्हणणं सोपं नाही, हे जाणूनच म्हणते आहे.

काल आत्या बटाटे चिरत होती. मी म्हटलं, छताच्या कामामुळे ओक्ताव येणार नाही. तिने सुरी खाली ठेवली नाही, मान वर केली नाही. म्हणाली, "छप्पर असतं तर आला असता." मी विचारलं, म्हणजे? "काही नाही. ज्याच्याकडे दाखवायला काही असतं, तो सणाला घरी येतो." आणि परत चिरायला लागली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, ओक्ताव. तिने तुझी पत्रं पाहिलेली नाहीत. तिला ते तसंच कळलं.

तिच्यावर मी तीन महिने संशय घेतला. उगाच घेतला असं मी म्हणणार नाही, ती खोटं बोलत होतीच. पण त्या संशयात मी तिला हे विचारायचं विसरले, की खोटं बोलून तिला काय मिळालं. परवा विचारलं. ती म्हणाली, "मिळालं ना. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला शिकागोतून फोन केला. सगळ्यांनी सांगितलं, किती लांबून आठवण ठेवली."

बाबांची तब्येत खरी सांगते. हात थोडा सुधारला आहे. पण गुरुवारी दुपारी त्यांची जीभ पुन्हा जड झाली आणि तासाभराने पूर्वीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, हा इशारा असतो. पुढचा कधी, ते सांगता येत नाही. मे महिना आहे असं धरून चालू नकोस.

बाबा तुझ्या घराबद्दल कधीच विचारत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं आहे का? फोनवरही नाही. तू सांगतोस, ते ऐकून घेतात. मला विचारतात ते दोनच गोष्टी. जेवतो का, आणि एकटा आहे का. पहिलीला मी हो म्हणते. दुसरीला काय म्हणू ते मला सुचत नाही.

बुखारेस्टला विमान उतरेल तिथे मी गाडी घेऊन येईन. एकटी येईन. आत्या घरी थांबेल, ग्राझिएलाबाईंना कळणार नाही. तू काही आणू नकोस. चॉकलेटं नकोत, टोप्या नकोत. तिथून ब्राइला तीन तास. तुला घराबद्दल, छताबद्दल, नोकरीबद्दल जिन्यातल्या लोकांना काही सांगायचंच असेल तर ते आपण वाटेत बसून नीट जुळवू. बारीकसारीक गोष्टी कुठे उघड्या पडतात, ते मला आता चांगलं कळतं. तुला काहीच बोलायचं नसेल तर रेडिओ लावू. आणि उतरून तुला बाबांच्या खोलीत सोडलं की मी कॉफीचं निमित्त करून बाहेर पडेन.

आणि परत जायचं झालं तर ते नंतर बघू. नाही जाता आलं तर क्लुजला माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. लहान आहे. खिडकी डोंगराकडे आहे.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. उत्तरं तू चांगली लिहितोस आणि मला ती आता नको आहेत. विमानाचा नंबर तेवढा कळव.

तारखेची वाट बघणारी तुझी बहीण,
स्मारांदा